धाकू सुताराने सड्यावरून पाहिलेला उपग्रह

ऐका. आणि तो मोबाईल आधी खाली ठेव रे! भुतालासुद्धा कंटाळा येईल तुम्हाला घाबरवायचा.

आपला धाकू सुतार. हट्टी किती, तर रंधा अडला की लाकडाशी भांडेल. त्या दिवशी बातमी आली होती. आकाशात फिरणारा एक मेलेला उपग्रह रात्री जळत खाली येणार. सगळं गाव अंगणात उभं. धाकू म्हणाला, "इथं माडांतून काय डोंबल दिसणार? मी वर सड्याच्या उघड्या माळावर जातो."

त्याची बायको भागीरथी म्हणाली, "अहो, रात्रीचं सड्यावर जाऊ नये. चकवा लागतो. पुढं कडा आहे."

ऐकतोय कुठला! निघाला.

सड्यावर काळा कातळ, वर काळं आभाळ. धाकू मान वर करून उभा. मागून आवाज आला, "दिसलं का?"

"नाही." वळून बघतो, तर कोणी नाही!

पुन्हा मान वर. "दिसलं का?" आता अगदी कानाशी.

"नाही म्हटलं ना!"

"जरा पुढं या. इथनं दिसतंय."

गेला की पुढं! मान वर, पाय आपले चालतायत. मग चारी बाजूंनी आवाज. "ते बघा!" "तिकडं नव्हे, इकडं!" धाकू गरगर फिरतोय, पुढं पुढं जातोय. दुसरा कोणी घाबरला असता. हा वैतागला! "एकानं बोला रे मेल्यांनो!"

सगळं गप्प. आणि समोरून भागीरथीचा आवाज. गोड. "अहो, या ना. तुमचंच खरं. इथूनच छान दिसतंय."

धाकूचा उचललेला पाय तसाच राहिला. लग्न झाल्यापासून भागीरथी कधी "तुमचंच खरं" म्हणाली होती? छे! दरदरून घाम फुटला त्याला. "तू कोण गो?"

तेवढ्यात आभाळ पेटलं! सडा दिवसासारखा उजळला. धाकूनं खाली बघितलं. पायापुढं कातळ संपलेला. आवाज आला होता तिथं नुसती हवा, आणि खाली खोल खाडी!

पळाला. चपला तिथंच. धापा टाकत अंगणात आला, तर भागीरथी खुशीत. "काय दिसलं हो! जळती माळच गेली माडांवरून. तुम्हाला तर आणखी छान दिसलं असेल?"

काय सांगणार? एवढा सड्यावर गेला, आणि नेमका त्या वेळी स्वतःचे पाय बघत होता!

"तुझंच खरं गो," एवढंच म्हणाला.

भागीरथी दोन पावलं मागं सरली. कंदील खाली धरून तिनं आधी त्याचे पाय उलटे नाहीत ना, ते बघितलं.

तेव्हा आभाळात काय बघायचं ते अंगणातून बघा. रात्रीची ती सड्याची वाट धरू नका. आणि गेलातच, तर तिथं कोणी तुमचं म्हणणं मान्य केलं की जागच्या जागी थांबा.