बुडालेल्या नावेतली कळशी

मालवणला जाऊन पाण्याखाली उतरायला शिकलो न मी, तवाची गोष्ट. आमच्याकडं धरणात एक नाव वीस वर्षांपासून बुडून पडलेली. तेव्हा माणसं पोहून वाचली, सामान मात्र तळाला गेलं. मी खाली उतरलो अन् तिच्यातली पितळी कळशी घेऊन वर आलो.

काठावरून दोस्त ओरडला, "काय करून राहिला बे? दुसऱ्याची चीज हाय ती!"

"बुडालेल्याला मालक नसतो," म्हणत मी ती घरी आणली.

माझी बायको सुनंदा चिंच लावून घासत बसली अन् एकदम किंचाळली. कळशीवर नाव कोरलेलं होतं, 'सुनंदाला, बाबांकडून.' सासऱ्यांनी त्या नावेतून पाठवलेला आमच्या लग्नाचा आहेर! "नावेत बुडाला म्हणे! तुझ्या बापानं दिलाच न्हाई," असं आई तिला वीस वर्षं ऐकवत आली होती.

मग काय! सुनंदा कळशी डोक्यावर घेऊन अंगणभर नाचली, मी हसून हसून लोळलो. आवाजानं आई बाहेर आली. तिनं डोळे बारीक करून नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं अन् माझ्यावरच खेकसली,

"काहून काढली रे? पाण्यानं घेतलेलं वापस आणू न्हाई. जा, सोडून ये तिला!"