मशीन विकासात, माणूस बोज्यात

नाही नाही, खोडू नका, राहू द्या तसंच — आरोग्य एक नंबरले, शिक्षण दोन, रस्ते तीन. कोणालेही विचारा, हेच सांगेल. सरकारले विचारा, तेही हेच सांगते. मंग तुम्हाले या उन्हात स्टँडवर कायले पाठवलं, अनिकेतभाऊ? बजेटवर जनतेच्या सूचना पाहिजेत म्हणून? चांगलं आहे. अख्खी नोकरी मी यवतमाळले सरकारी कचेरीत बजेटचे तक्तेच लिहिले, पण जनतेच्या सूचनेचा रकाना काही दिसला नाही बुवा. तुमच्या टॅबमध्ये सापडला म्हणायचा.

पण लिहून घ्या — सरकारनं प्राधान्याले बिलकूल हात लावला नाही. टिंगल नाही करून राह्यलो. तो समोरचा दवाखाना पाहा. तिथं डायलिसिसची मशीन आहे, किडनी गेलेल्यांचं रक्त साफ करायची, नवीकोरी. मार्चच्या शेवटी आली — सगळं मार्चमध्येच येते, नाहीतर निधी परत जाते. फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. मशीनीवरचं प्लास्टिक मात्र अजून तसंच आहे. काहून? चालवायले माणूस नाही. माणूस काहून नाही? तेच तर सांगून राह्यलो — मशीनीचा खर्च भांडवली, माणसाचा पगार महसुली. मशीन घेतली का विकास होते, माणूस ठेवला का बोजा वाढते. तूट कमी दाखवायची, तर नवीन पदं बंद. म्हणजे आरोग्यही वाचलं, बजेटही जुळलं — पेशंट तेवढा यवतमाळले जाते, अन् त्याच्या जाण्या-येण्याचा खर्च कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. किती साफ काम आहे पाहा! आमच्या साहेबांनी उठून पाठ थोपटली असती.

काय म्हणता — बाईंचा चेहरा सुजल्यासारखा दिसते? ती आमची घरवाली, कुंदा. काही नाही, उन्हानं असेल. ...तिचीच किडनी, हो. आठवड्यातून दोनदा यवतमाळ. तिथं उपचार फुकट आहे, खोटं कायले बोलू? पण परत येताना तिले बसमध्ये उभं राहवत नाही, मंग स्पेशल ऑटो करा लागते. पेन्शनीत एक खर्च घातला का दुसरा बाहेर निघते. आमच्या घरीही तूट आहे ना भाऊ! अन् अर्थमंत्री हीच. काल चहा गाळता गाळता म्हणे, आता आठवड्यातून एकदाच जाऊ, जास्त सूज आली तर पाहू. झालं, एक फेरी रद्द! आज फेरीचा दिवस, अन् ही गोळ्या घ्यायले म्हणून इथवर आली, म्हणे इथूनच घरी परत. मी काय म्हणालो? हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही कारकून लोक, अडचणीची फाईल आली का ढिगात सगळ्यात खाली ठेवतो — काही दिवसांनं प्रश्न आपोआपच मिटते —

नाही. तसं नाही म्हणायचं मले. ते लिहू नका. लिहिलं का? खोडा.

हे पाहा, यवतमाळची गाडी लागली. कुंदा, चाल. — बसून काहून राह्यली? — सोमवारी झालं म्हणते, आता येत्या सोमवारी. — थांबा भाऊ, तुमचं काय? शेवटचा प्रश्न? कोणता खर्च पुढं ढकलता येईल? — बंद करा ते. बंद करा म्हणतो ना. ओ कंडक्टर, थांबा हो जरा, पेशंट आहे! — पैशाचं मी पाहतो, तू ऊठ वं. हात दे. — अन् तुम्ही सरका बाजूले, अनिकेतभाऊ, वाट सोडा.