ओसरीवरचा सब्जा

"हॅलो?… हां, बोल बंकट… न्हाई न्हाई, ऐकू येतंय. फोन खांद्याला दाबलाय, हात भरलेत… कणकीनं… न्हाई बे, सयपाक कुठला. पोरीसाठी मळतोय."

सुंदररावांनी मान तिरकी करून फोन नीट कानाशी धरला आणि परातीतला गोळा पुन्हा मळायला घेतला. वाटीभर मैदा, त्याच्या निम्मं मीठ, चमचाभर तेल आणि बीटाचा रस. तीन वेळा सरपंच झालेला हा माणूस गेले तीन महिने रोज अकराला ओसरीवर मांडी घालून बसत होता. समोर चार वर्षांची नात, वैष्णवी. तिच्याभोवती एका घमेल्यात जवारी, दुसऱ्यात भिजून फुगलेला सब्जा, आणि तेल, पाणी नि रंगीत मणी भरून झाकण पक्कं चिकटवलेली एक बाटली.

पोरीला ओलं, चिकट काही हाताला लागलेलं खपत नसे. वरणभातसुद्धा चमच्यानंच, आणि बोटाला शीत चिकटलं तर रडून रडून निळी पडायची. बीडच्या दवाखान्यातल्या बाईंनी सूनबाईला, स्वप्नाला, सांगितलं होतं की हाताची भीती मोडायची तर खेळातूनच, आणि बळजबरी अजिबात करायची नाही. स्वप्ना शाळेत शिकवायला जायची, ती दुपारीच परतायची. तेव्हा सकाळचं काम आजोबांनी आपल्याकडं घेतलं होतं.

"निवडणुकीच्या अर्जाची शेवटची तारीख मला माहीत हाय की… आज, तीनपर्यंत. हो, हो… जीप धाडलीस? आधी इचारायचं तर… बरं, येऊ दे. बारा वाजता निघतो, केज काय लांब हाय… न्हाई, आत्ता न्हाई. बारापर्यंत पोरीची येळ हाय."

वैष्णवी चमच्यानं जवारी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतत होती. एक दाणा खाली पडला, तो तिनं चमच्यानंच उचलायचा प्रयत्न केला.

"कसला व्हिडिओ?… माजा? कवा काढला?… गल्लीतून. हं… खाली काय लिवलंय?… वाच की, तू कावून लाजतोस… 'माजी सरपंच आता मातीची भांडी करणार.' बरं. पुढं?… पुढं काय तरी हाय, त्याबिगर तू असा अडखळला नसतास… वाच."

मळणारे हात थांबले.

"'नात बी तसलीच.' असं लिवलंय?… आन् किती लोक हसले त्याला?… जाऊ दे, मोजू नगंस."

त्यांनी गोळ्याचा एक तुकडा तोडून पोरीच्या पुढ्यात ठेवला, तिच्या हाताला लागणार नाही इतका लांब. मग पुन्हा बोलायला लागले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यातला मवाळपणा गेला होता.

"अन्नाची नासाडी म्हणतेत? त्यांला सांग, जवारी किडकी हाय. खेळून झाली की कोंबड्याला टाकतो. मैदा वाटीभर लागतो, मीठ असतंय म्हणून आठ दिवस टिकतो… इकत मिळतंय, मिळतंय की. पर ती सगळं तोंडात घालून बघती बे. इकतच्यात काय कालवलंय कुणाला ठावं? माजं तोंडात गेलं तर खारट लागतंय, थुकून टाकती… हो, आता तू बी हस… आत? आत कावून बसू? उजेड हितं हाय. माजी ओसरी हाय ही, कुणाच्या बापाची न्हाई… न्हाई, तुला न्हाई म्हणलो. बोल तू… काय?… परत म्हण."

त्यांनी परातीतला गोळा बाजूला सारला.

"मतदान होईस्तवर पोरीला धाडायचं. चौसाळ्याला, तिच्या आजोळी… दोन हप्त्यांसाठी… लोकांच्या नजरेला पडाय नको. समजलं… न्हाई, रागावलो न्हाई. तुजं झालं का? मग आता मी बोलतो, तू मधी बोलू नगंस. गेल्या साली आपण नारायणगडाच्या जत्रेला गेलतो. तू इचारलंस, नातीला कावून न्हाई आणलं. मी काय म्हणलो, ध्यानात हाय?… ताप हाय म्हणलो. बंकट, ताप न्हवता… ऐक. गर्दीत कुणी हात लावला की ती वरडती, लोक बघत्यात, म्हणून मी तिला घरी ठिवायला लावलं. मला शरम वाटली. सूनबाईनं तिला नवा झगा घातलता जत्रेसाठी. मी सांजच्याला घरी आलो तर पोरगी तोच झगा घालून दारात उभी. तिला वाटलं, आता न्यायला आले…"

त्यांनी मनगटानं कपाळ पुसलं, तर बीटाचा लाल पट्टा भुवईवर उमटला. वैष्णवी त्याच्याकडं टक लावून बघत राहिली.

"ते एकदा झालं. दुसऱ्यांदा माज्याकडनं व्हायचं न्हाई… पॅनल पडंल? तर पडू दे… मी कुठं न्हाई म्हणतो, तू लई राबलास. पर माज्याच घरातलं माणूस लपवून मी लोकांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?… बरं, तुला माजाच अर्ज पायजे का? मग ऐक. पोरगी माज्यासंगं यील. तहसीलात, माज्या कडंवर. वरडली तर वरडंल. उद्या प्रचाराला बी यील. कबूल?… बघू म्हणू नगंस. आत्ता सांग… बंकट?… बोल की… हां. गप झालास म्हंजी कळलं. तर मग गहिनीनाथाला उभा कर, चांगला माणूस हाय. मी त्याला मत दीन… धमकी न्हाई बे, खरंच दीन…"

मान अवघडली तशी त्यांनी फोन भरल्या हातानंच खाली ठेवला, परात आणि घमेलं यांच्या मधोमध. बंकट थांबलेला नव्हता. शब्द कळत नव्हते, नुसती चिडकी कुरकुर येत होती.

असला आवाज वैष्णवीला सहन होत नसे. तिनं आधी आजोबांकडं बघितलं, मग फोनकडं. चमचा बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी फोन उचलला आणि सब्जाच्या घमेल्यात खाली दाबला, तळापर्यंत.

कुरकुर थांबली.

तीन महिने ती त्या बुळबुळीत सब्जापासून हातभर लांब बसत आली होती, आणि आता मनगटापर्यंत आत होती. तिचा खालचा ओठ वाकडा झाला. सुंदरराव बीडच्या बाईंचं बोलणं आठवून जागचे हलले नाहीत, शाबास म्हटलं नाही, फोनकडंही हात नेला नाही. ओठ तसाच थरथरत राहिला. मग सब्जाखाली एक बोट हललं. मग दुसरं. तिनं मूठ मिटली, फुगलेलं बी बोटांच्या फटींतून निसटलं, आणि तिनं पुन्हा मूठ मिटली.

थोड्या वेळानं जीपचा ड्रायव्हर सटवा पायरीशी येऊन उभा राहिला. त्यानं घमेल्यात बघितलं, सुंदररावांच्या लाल कपाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "मालक, बंकटअण्णांचा मला फोन आलता, लई तापलेत. फोन कावून बंद केला, इचारून ये म्हणले."

"फोन बुडाला म्हण," सुंदरराव म्हणाले. "आन् कुणी बुडवला ते बी सांग."