नानांचा प्रश्न आणि आप्पांची मिरची

हल्ली औषधाच्या दुकानात कोणी काही विचारत नाही बघा. पंचवटीत आमच्या भाजीबाजाराला लागून नानांचं दुकान होतं. चिठ्ठी वाचली तरी ते विचारायचेच, "काय होतंय?" आणि आवाज असा, की पलीकडच्या भाजीवाल्यांनाही कळावं.

ऐंशी सालाच्या आसपास आमचे वडील, आप्पा, तिथे चिठ्ठी घेऊन गेले. नानांनी गोळ्या काढल्या आणि विचारलं, "आप्पा, साखर कधीपासून?"

"मला कुठे साखर आहे?"

"मग काय होतंय?"

आप्पांनी भाजीवाल्यांकडे पाहिलं. "चिठ्ठीत लिहिलंय ते द्या."

"अहो, दोन औषधांची नावं अगदी सारखी आहेत, आणि अक्षर डॉक्टरांचं. साखर नसताना ही गोळी घेतलीत तर चक्कर येऊन पडाल. दुखणं सांगा, मग देतो."

आप्पा तणतणत रिकाम्या हातांनी घरी आले. मग आई गेली, आणि लांबूनच म्हणाली, "नाना, ह्यांना मूळव्याध झालीय हो."

नानांनी साखरेच्या गोळ्या परत ठेवल्या आणि दुसऱ्या दिल्या. त्या लागू पडल्या.

बरं वाटल्यावर आप्पा बाजारात गेले आणि नेहमीच्या सखूबाईकडे पावशेर हिरवी मिरची मागितली. तिने तराजू खाली ठेवला. "तुम्हाला मिरची नाय मिळायची, आप्पा. दुधी न्या."

आप्पा रागाने पुढच्या भाजीवालीकडे वळले. तिने आधीच दुधी निवडून ठेवला होता.