चिंचेपर्यंत चारशे गज

(आनेकलजवळ घरची जमीन. मोठ्या खडकावर अप्पासाहेब, त्यांची बायको सोयराबाई आणि पुतण्या अभिराज; त्याच्या हातात अंतर मोजायची दोन यंत्रं. समोर शेताच्या टोकाला एक चिंच.)

अप्पासाहेब : मग देवानं डोळे कशाला दिलेत तुला? बसचा नंबर वाचायला?

अभिराज : काका, नामिबियात सगळा उघडा माळ असतो. डोळ्यांना अंतर कळतच नाही. अंदाज चुकला तर जनावर जखमी होऊन पळतं. म्हणून आधी या यंत्रातून लेझर सोडायचा. तो आपटून परत आला की मीटर दिसतात. मग गोळी.

अप्पासाहेब : म्हणजे अंतर यंत्र सांगणार, बंदूक भाड्याची, जनावर दाखवणारा पगारी. तू काय करणार तिथे, फोटो काढून घेणार?

सोयराबाई : इथे डुकरं शेत उकरून गेली तरी हात लावायची सोय नाही. हा विमानात बसून शिकारीला चाललाय. शहरात, त्या कोरमंगलात राहून डोकं फिरलंय याचं.

अभिराज : काकू, बॉसनं बोलावलंय. अख्ख्या टीममधून फक्त मला. त्याच्यासमोर फजिती झाली तर वर्षभर तेच ऐकावं लागेल. दोन यंत्रं ट्रायलवर आणलीत, उद्या एक परत द्यायचंय. कुठलं ठेवू तेवढं ठरवू या.

अप्पासाहेब : तुझ्या आजोबांकडे होतं का यंत्र? या खडकावर बसले, त्या चिंचेखाली डुक्कर. चारशे गज. एकच गोळी.

सोयराबाई : आली ती गोष्ट. वाटच बघत होते मी.

अभिराज : म्हणून तर तुम्हाला इथे आणलं. अंतर आधी ठाऊक असलं तरच यंत्र तपासता येतं. चारशे गज म्हणजे साधारण तीनशे पासष्ट मीटर. जे बरोबर सांगेल ते ठेवायचं.

अप्पासाहेब : हे मात्र शहाण्यासारखं बोललास. लाव.

अभिराज : हे स्वस्तातलं. चिंचेवर धरतो... एकशे दहा.

अप्पासाहेब : फेकून दे. जत्रेतलं खेळणं आहे ते.

अभिराज : मधलं झुडूप पकडलं असेल. हे महागाचं घेतो. यात पुढच्या काड्याकुड्या सोडून मागचं पकडायची सोय आहे. बुंध्यावरच धरतो... एकशे बारा.

अप्पासाहेब : हेही तसलंच. दुकानदारानं बकरा केलाय तुझा.

अभिराज : दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतली आहेत, काका.

अप्पासाहेब : मग दोघांनी मिळून केलाय. नाहीतर हात हलतोय तुझा. आण इकडे.

अभिराज : घ्या. हे बटण दाबा.

अप्पासाहेब : (बटण दाबतात, काच पुसतात, पुन्हा दाबतात.)

अभिराज : किती?

सोयराबाई : ते काय सांगतात. त्याचा हात नाही हो हलत, चिंच हलते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दीडशे गजांवर होती. अभिराजच्या लग्नात तीनशे झाली. त्याच्या शिवानीच्या बारशाला चारशे. दर कार्याला स्वल्प मागे सरकते.

अप्पासाहेब : तुला काय कळतं यातलं?

सोयराबाई : मामंजींनीच सांगितलं होतं मला. म्हणाले, सूनबाई, डुक्कर जवळच होतं. लांब नेतो तो तुझा नवरा. नेऊ दे, माझं कौतुक करताना त्याला बरं वाटतं.

अप्पासाहेब : मला कधी बोलले नाहीत.

सोयराबाई : तुम्ही त्यांना बोलू दिलंत तर ना.

अभिराज : काका, सेटिंग चुकलं असेल माझं. घरी जाऊन नीट बघतो.

अप्पासाहेब : गप बस. माझी कीव करू नकोस. वाईट वाटलंय, वाटू दे. आल्या-गेल्या पाहुण्याला या खडकावर आणून उभं केलं मी.

अभिराज : मग... कुठलं ठेवू?

अप्पासाहेब : महागाचं ठेव. बॉससमोर मान खाली जायला नको.

सोयराबाई : सरी, बरं, उठा आता. ऊन चढलं.

अप्पासाहेब : उठतो. आणि अभिराज, तिकडून आलास की शिवानीला शिकारीची गोष्ट सांगशील ना, तेव्हा ते यंत्र कपाटात असू दे.