दोन फेर

देवकाबाई : म्हनलं होतं का नाही मी तुले? लेकराची घुटी कागदावर लिवू नको म्हनलं. हातानं दाखवाची गोष्ट आहे ते. तं तू हासली.

भाग्यश्री : हसले, आई. आता बाया सगळं फोनवरच शिकतात, असंही म्हणाले. ते नंतर बोला. आधी ओमेशला हाक मारा.

देवकाबाई : ओमेश! ए ओमेश! वहिनी बलावून राहिली तुले! त्या पुस्तिकेचं काय झालं, नीट सांगशील का नाही? तोंड कसं पांढरं पडलं तुझं.

ओमेश : क्या हुआ वहिनी? लाडूचे डबे गाडीले बांधून राहिलो मी. उशीर झाला तं गोंदियाचा कुरिअरवाला घेत नाही.

भाग्यश्री : डबे राहू दे. हा मेल वाच. मोठ्यानं वाच, आईंनाही कळू दे.

ओमेश : "नमस्कार ताई. तुमची 'आजीची घुटी' ही मोफत पुस्तिका मिळाली. फार आवडली. बाळ दोन महिन्यांचं आहे, सारखं रडतं. पुस्तिकेत लिहिलंय, जायफळ दोन फेर. म्हणजे दोन चमचे पूड ना? आमच्याकडे सहाण नाही म्हणून दुकानातून तयार पूड आणली आहे. आम्ही नागपूरला नवीन आहोत, ह्यांची नोकरी फिरतीची, विचारायला जवळ कोणी नाही. दुर्गेश्वरी." बस? इतकुशी तं गोष्ट आहे. सांगून द्या ना, फेर म्हंजे सहाणीवर जायफळ दोनदा फिरवाचं.

भाग्यश्री : खाली बघ. तिला उत्तर गेलंय.

ओमेश : कोनी देल्लं?

भाग्यश्री : तू वाच.

ओमेश : "हो ताई, अगदी बरोबर! बाळासाठी तुम्ही योग्य तेच करताय. तुमचीच, भाग्यश्री." अरे… हे तं आपोआप जानारं हाय.

भाग्यश्री : आपोआप जाणारं. तू लावलंस आणि शब्द मी दिले. मला वाटलं, बाया फार तर 'छान आहे, करून बघते' असं लिहितील. कोणी प्रश्न विचारेल, हे डोक्यातच आलं नाही.

देवकाबाई : मले समजल असं सांगा ना कोनी.

भाग्यश्री : तिनं विचारलं, बाळाला दोन चमचे जायफळ देऊ का. आणि माझ्या नावानं फोन तिला 'हो' म्हणाला.

देवकाबाई : दोन चमचे! अगे माय… त्यानं तं म्होटा मानूस पडून राहील.

ओमेश : कवाचा मेल हाय हा?

भाग्यश्री : कालचा. काल आचलला ताप होता, तिच्या पाळण्याजवळून हलले नाही, फोन हातात घेतलाच नाही. आत्ता उघडला. तीन मेल टाकले तिला. देऊ नका, देऊ नका, देऊ नका. एकाचंही उत्तर नाही.

ओमेश : तं फोन लावा ना!

भाग्यश्री : कुठे लावू? नंबर आहे का आपल्याकडे? 'नाव अन् ईमेल, बस. फोन नंबर मागतला तं बाया पळतात. फुकट पुस्तिका द्यायची, यादी वाढवायची, मंग लाडू विकायचे.' कोण म्हणालं होतं?

ओमेश : तुमीबी तं खुश होत्या, वहिनी. रोज पाहत होत्या, आज किती बाया जुळल्या म्हनून.

भाग्यश्री : होते खूश.

देवकाबाई : आता भांडत नोका बसू. अँबुलन्सवाल्याले सांगा, पोलिसाले सांगा.

भाग्यश्री : दोघांनाही लावला, आई. ते पत्ता विचारतात. काय सांगू? नागपुरात दुर्गेश्वरी नावाची एक आई शोधा? पोलीस म्हणाले, बघतो. तेवढ्यात… आई, हे विमान गेलं ना आत्ता?

देवकाबाई : गेलं. बिरसीच्या विमानतळावरचे पोट्टे विमान उडवाले शिकून राहिले. रोजच जाते.

भाग्यश्री : आचल उठली नाही.

देवकाबाई : झोपली आहे ते.

भाग्यश्री : विमान गेलं की ती उठते. रोज उठते, तुम्हीच शिव्या घालता त्या विमानाला. आज सकाळी घुटी दिलीत का तिला?

देवकाबाई : देल्ली. रोजच्यासारखी. माझ्या हातावर भरोसा नाही का तुझा?

भाग्यश्री : जायफळ होतं?

देवकाबाई : दोन फेर.

भाग्यश्री : आचल! आचू! ए माझी बाय, डोळे उघड. ओमेश, पाळणा धर. आचल!

(पाळण्यातून रडण्याचा आवाज.)

देवकाबाई : घे. उठवली लेकराले.

भाग्यश्री : रडू द्या. रडू द्या तिला. तिकडे एक बाई अशीच पाळण्याजवळ बसली असेल. तिला वाटत असेल, बरं झालं, शेवटी झोपलं एकदाचं.

ओमेश : वहिनी, मी पुस्तिका काढून टाकलो. आपोआपचं उत्तरबी बंद केलो. आता काय करू?

भाग्यश्री : सगळ्या यादीला एक मेल पाठवायचा. नागपूरच्या बाया असतील त्यात.

ओमेश : सगळ्यायले? म्हंजे सगळ्यायले मालूम पडल, पुस्तिकेत गलती होती म्हनून. वहिनी, मंग लाडू कोन घेल आपले? इतक्या मेहनतीनं यादी केली.

भाग्यश्री : ह्याच्याचसाठी केली होती असं समज. मी सांगते, तू लिही. "माझ्या पुस्तिकेत चूक आहे. बाळाला जायफळ देऊ नका. फेर नाही, चमचा नाही, चिमूटभरही नाही."

देवकाबाई : चिमूटभरबी नाही? अन् मी इतके वर्षं देल्लं ते?

भाग्यश्री : नाही, आई. आचलच्या डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, वरचं काही देऊ नका. मी घरी येऊन पुस्तिका लिहीत बसले.

देवकाबाई : …बरं. लिव.

भाग्यश्री : "दुर्गेश्वरीताई, तुम्ही दिलं असेल तर पुढचं वाचत बसू नका. बाळाला उचला आणि दवाखान्यात जा. पुडीचं पाकीट सोबत न्या. ते 'हो' माझं नव्हतं, पण नाव माझं होतं." लिहिलंस?

ओमेश : लिवलो. अन् बाकीच्यायले?

भाग्यश्री : "बाकीच्या तायांनो, तुम्ही नागपुरात असाल, तर तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवी आलेली, एकटी, तान्ह्या बाळाची आई आहे का? तिचं नाव माहीत नसलं तरी चालेल. आत्ता जाऊन तिचं दार वाजवा. बाळ कसं आहे, विचारा."

देवकाबाई : विचारा नोको लिवू. विचारलं तं बाई दारातूनच 'बरं आहे' म्हनते. मीबी म्हनली असती.

भाग्यश्री : मग काय लिहू, आई?

देवकाबाई : तू आता काय केली, तेच लिव.

भाग्यश्री : …ओमेश, लिही. "ती म्हणेल, आज बाळ कधी नव्हे ते शांत झोपलंय. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, आणि त्याला उठवून बघा."