वाटीतली लोकाटं

मुलगी : मिक्सरमध्ये काय वाटलंत? पुन्हा सांगा.

बाबा : लोकाटं, ती पिवळी आंबटगोड फळं. तूच म्हणालीस ना, अ जीवनसत्त्व असतं, डोळ्यांना चांगली, पोट साफ राहतं. म्हणून छकुलीला रस करून दिला. अख्खी टाकली.

मुलगी : अख्खी म्हणजे? बियांसकट?

बाबा : मग! चांगल्या टपोऱ्या बिया, फेकायच्या कशाला? वाटताना बदामासारखा वास सुटला. म्हटलं, पौष्टिकच असणार.

मुलगी : अहो बाबा! कडू बदामाचा वास तो! गर खा हवा तेवढा, पण बी चावायची नाही, वाटायची तर मुळीच नाही. पोटात सायनाइड होतं त्याचं!

बाबा : काहीतरीच. फळ आहे ते.

मुलगी : औषधांच्या दुकानात मी काय गोट्या खेळते? छकुले! इकडे ये. किती प्यायलीस?

छकुली : नाही प्यायले. शी, कडू होतं. बेसिनमध्ये थुंकले.

मुलगी : सगळं? एक घोटसुद्धा गिळला नाहीस? खरं सांग, मी रागावणार नाही.

छकुली : नाही गं आई. चूळपण भरली. आजोबांना विचार.

मुलगी : मग हा ग्लास रिकामा कसा?

बाबा : मी प्यायलो.

मुलगी : तिचा?

बाबा : तिचा आणि माझा. वाया कशाला घालवायचा?

मुलगी : दोन ग्लास! कधी?

बाबा : झाला असेल अर्धा तास. जरा गरगरतंय. मला वाटलं, उन्हानं.

मुलगी : उठा. नको, नको, बसून राहा. घशात बोटं घालू नका. मी रुग्णवाहिका बोलावते. छकुले, चप्पल घाल, तुलाही दाखवायचंय.

(ती फोनवर पत्ता सांगते, बिया सांगते, ग्लास सांगते.)

मुलगी : निघाली गाडी. श्वास घ्यायला जड जातंय का?

बाबा : नाही. पण मला एक कळत नाही. चाळीस वर्षं खातोय मी लोकाटं. कधी काही झालं नाही.

मुलगी : आई कशी द्यायची तुम्हाला?

बाबा : वाटीत. सोलून, फोडी करून.

मुलगी : मग?

बाबा : त्यात बिया असतात, हे मला आज सकाळी कळलं गं.